माघवद्यातली मुंबई: खाडी, डोंगर आणि बाग

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरातले हौशी लोक आपापल्या परिसरातले पक्षी मोजतात. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या नावाने १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पासून भारतातही नेटाने चालू आहे. त्याची अट अगदी साधी आहे: एका ठिकाणी किमान पंधरा मिनिटे थांबायचे, जे पक्षी दिसतील किंवा ऐकू येतील त्यांची संख्येसह यादी करायची आणि ती ई-बर्ड या संकेतस्थळावर पाठवायची. आम्ही नाशिककर एरवी या दिवसांत नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात असतो. यंदा मात्र मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने आग्रहाने मुंबईला बोलावले. त्याला एक विशेष कारण होते. मोजणीचे दिवस माघ वद्य एकादशीपासून चतुर्दशीपर्यंत येत होते, म्हणजे महाशिवरात्र त्यांच्यातच होती आणि समुद्राचे पाणी अमावास्येच्या उधाणाकडे रोज थोडे थोडे चढत जाणार होते.

पाण्याच्या या चढउताराला एवढे महत्त्व का, हे मुंबईचे पक्षी पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते. नांदूरला पहाटे लवकर पोचले की काम भागते. इथे घड्याळाआधी पंचांग पाहावे लागते. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती येते. एकादशीला हा हिशेब सव्वाआठ दाखवतो आणि खाडीत आतवर पाणी पोचायला त्याहून बराच वेळ अधिक लागतो. आमचा प्रत्येक दिवस याच हिशेबाने आखलेला होता.

शुक्रवार, एकादशी

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून आम्ही सकाळी सातच्या आत नेरूळला उतरलो. बहिणीच्या गटातले निवृत्त शिक्षक, दोन महाविद्यालयीन मुली आणि आईबरोबर आलेली चौथीतली एक मुलगी आमच्या आधीच येऊन थांबली होती. नेरूळ आणि सीवूड्सच्या उंच इमारतींमागे खाडीच्या कडेला काही पाणथळ जागा आहेत. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेलगतची पाणथळ, एनआरआय वसाहतीमागची पाणथळ आणि डीपीएस तळे या त्यांतल्या पक्षीनिरीक्षकांच्या परिचयाच्या. ठाणे खाडीत पाणी चढू लागले की चिखलाची मैदाने बुडतात आणि तिथे चरणाऱ्या रोहित पक्ष्यांना, म्हणजेच फ्लेमिंगोंना, उभे राहायला जागा उरत नाही. मग ते उडून या उथळ तळ्यांवर येतात, चारसहा तास विसावतात आणि ओहोटी लागली की परत खाडीत जातात. तळी गेली तर खाडीत कितीही अन्न असले तरी भरतीच्या वेळी हे पक्षी जाणार कुठे, हा प्रश्न नकाशावर खाडी आणि तळी वेगवेगळ्या रंगांत रंगवणाऱ्यांना पडत नाही. तो पडायला हवा, असे मला मनापासून वाटते.

साडेआठच्या सुमारास पहिले थवे आले. आधी दूरवर एक तुटक, वाकडी रेघ दिसते, मग लांब मान आणि तेवढेच लांब पाय सरळ ताणलेले पक्षी ओळखू येतात आणि वळताना पंखांच्या आतला गडद गुलाबी व काळा रंग एकदम उघडा पडतो. पाणी नऊच्या पुढे पूर्ण चढले, तोवर समोरचा अर्धा जलाशय भरून गेला होता. बहुतेक लहान रोहित होते, ज्यांची चोच गडद तांबडी, जवळजवळ काळपट असते. फिक्या अंगाचे, अधिक उंच आणि गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असलेले मोठे रोहित एका बाजूला वेगळे उभे होते. करड्या रंगाचे पक्षी म्हणजे अजून रंग न आलेली पिल्ले. हा गुलाबी रंग खाद्यातल्या रंगद्रव्यातून येतो आणि तो अंगावर पुरता चढायला दोनतीन वर्षे लागतात.

एवढा मोठा थवा मोजायचा कसा, हे शिक्षकांनी मुलींना फार छान समजावले. आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढे दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवायचे, त्यावरून शंभरांचा एक पट्टा ठरवायचा आणि मग असे किती पट्टे बसतात ते पाहायचे. यादीत आकड्याऐवजी फुलीही टाकता येते, पण फुलीवरून पुढच्या अभ्यासकाला काहीच कळत नाही, तेव्हा प्रामाणिक अंदाज केव्हाही चांगला, असे ते म्हणाले. प्रत्येकाने स्वतंत्रपणे मोजले आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच यादीत एक संख्या लिहिली. रोहितांच्या पलीकडे शेकाटे, थापट्या आणि तलवार बदकांची छोटी टोळी आणि कडेच्या चिखलात टिलव्यांची धावपळ होती.

डीपीएस तळ्याकडे मात्र आम्ही सगळेच थोडे गंभीर होऊन पाहत होतो. खाडीचे पाणी ज्या वाटांनी या तळ्यात येते त्या अडल्या की पाणी साचून शेवाळाचा थर धरतो आणि पक्षी पाठ फिरवतात. २०२४ मध्ये या परिसरात काही रोहित मृत्युमुखी पडल्यानंतर इथल्या रहिवाशांनी पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याची मागणी चिकाटीने लावून धरली आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. रोज सकाळी फिरायला येणाऱ्या सामान्य माणसांनी पाण्याची पातळी, शेवाळ आणि पक्ष्यांची संख्या यांची छायाचित्रांसह नोंद ठेवली नसती, तर या तळ्याची बाजू मांडायला पुरावा कुठून मिळाला असता?

दुपारी हार्बर मार्गाच्या गाडीने थेट शिवडीला गेलो. ओहोटी संपून पाणी पुन्हा चढू लागले की चिखलाची किनार आक्रसत जाते आणि पक्षी चरत चरत काठाकडे सरकतात, म्हणून पाचचा सुमार साधला होता. शिवडीच्या धक्क्यावर जुन्या बोटींची दुरुस्ती, एका बाजूला तेलाच्या टाक्या, मागे टेकाडावर सतराव्या शतकातला किल्ला आणि समोर जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, असा सगळा परिसर आहे. या चिखलावरून जाणाऱ्या पुलाच्या भागाला आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या आहेत. रोहित पुलाच्या बरेच अलीकडे, पसरून चरत होते. मान खाली घालून, चोच उलटी करून ते जिभेने पाणी आत ओढतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक गाळणीतून बाहेर सोडतात. गाळणीत उरलेले सूक्ष्म शेवाळ हे लहान रोहिताचे मुख्य अन्न. शहराचे सांडपाणी खाडीत मिसळते, त्याने शेवाळ वाढते आणि त्यावर हे पक्षी पोसतात. गेल्या तीसेक वर्षांत त्यांची संख्या वाढत लाखाच्या घरात गेली, त्यामागे हेही एक कारण अभ्यासक सांगतात. म्हणून पक्ष्यांच्या गर्दीवरून खाडीच्या आरोग्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. हे आमच्यातल्या महाविद्यालयीन मुलींनीच सर्वांत आधी बोलून दाखवले.

शनिवार, द्वादशी

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटफेरी सुटते. तिची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते आणि जागा आधीच राखून ठेवावी लागते. पाणी पूर्ण चढलेले असताना गेले तर रोहित नेरूळला गेलेले असतात आणि पूर्ण उतरल्यावर बोट चिखलात रुतते, त्यामुळे उतरत्या पाण्याचे मधले दोनतीन तास हेच खरे. आमची बोट साडेअकराला होती, म्हणून आधी केंद्रातल्या कांदळवनातून जाणाऱ्या पायवाटेवर भरपूर वेळ काढला.

भूचर प्राणी पाहत वाढलेल्या आम्हा घाटावरच्या माणसांना कांदळवन हे फार नवलाचे जग आहे. तिवरांची हजारो श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, कारण त्या घट्ट, पाणी भरलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही. त्यांच्यामधून निवट्या टणाटण उड्या मारत होत्या. मासा असूनही ही निवटी ओहोटीला चिखलावर चालते, बिळात शिरते आणि आपल्या हद्दीसाठी पाठीवरचा पर ताठ करून भांडते. एका नांगीचे, म्हणजे एक नांगी अंगापेक्षा मोठी झालेले छोटे खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी ती नांगी सारखी हलवत होते. चौथीतल्या मुलीने पायवाटेच्या कठड्याला रेलून इतका वेळ त्यांच्याकडे पाहिले की तिच्या आईला बोटीसाठी तिला ओढून न्यावे लागले. पांढऱ्या चिप्पीची झाडेही केंद्रात पाहायला मिळाली. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले आणि असा वृक्ष निवडणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. बांधावरच्या ओल्या मातीत कुत्र्याच्या पावलांहून निमुळते ठसे होते. नवी मुंबईच्या या कांदळवनांत सोनेरी कोल्हे राहतात, तेव्हा ते ठसे कोल्ह्याचे असण्याची शक्यता शिक्षकांनी बोलून दाखवली. खात्री नसल्याने वहीत मात्र लिहू दिले नाही.

बोट चालवणारे काका जवळच्या कोळीवाड्यातले होते. ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतचा खाडीचा पश्चिमेकडचा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये घोषित झाला. त्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर असून निम्म्याहून अधिक भाग कांदळवनाचा आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. आमचे नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातले तिसरे. बोट निघाली तेव्हा चिखल जेमतेम दिसू लागला होता आणि रोहित कुठेच नव्हते. मी दुर्बीण फिरवत असलेली पाहून काका म्हणाले, “ताई, पानी उतरू दे, मंग बगा.” पाऊण तासात ते म्हणाले तसेच झाले. दक्षिणेकडून, वाशीच्या दिशेने, थव्यामागून थवे आले आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलाच्या कडेने उतरत गेले. आदल्या दिवशी नेरूळला जे येताना पाहिले होते तेच आता आम्हांला परतताना भेटत होते, आणि या जागा एकाच घराच्या दोन खोल्या आहेत हे वाचून नव्हे तर डोळ्यांनी पाहून पटले.

काकांनी इंजिन बंद केले आणि बोट प्रवाहावर सोडली. चिखलाच्या कडेला काळ्या शेपटीचे गॉडविट मोठ्या संख्येने लांब, सरळ चोच मुळापर्यंत खुपसत होते. रशियाच्या गवताळ प्रदेशापर्यंत जाणारे हे पक्षी एप्रिलपर्यंत निघून जातील आणि आता त्यांची परतीच्या प्रवासाआधीची चराई चालू होती. एका खांबावर कैकर बसला होता, त्याच्या नखांत अजून हलणारी बोय होती. दलदली हारिण (मार्श हॅरियर) हा शिकारी पक्षी कांदळवनावरून अगदी खालून उडत गेला तेव्हा टिलव्यांचा अख्खा थवा एका क्षणात उठला आणि वळून पुन्हा बसला.

परतताना मी काकांना मासळीबद्दल विचारले. त्यांच्या लहानपणी खाडीत कोळंबी, बोय, चिंबोरी आणि कालवे यांवर कोळीवाड्याचे घर चालत असे. आता पाण्यातल्या रसायनांमुळे आणि गाळामुळे जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच अधिक येते आणि तरुण मुले नोकरीला जातात, असे त्यांनी सांगितले. पक्षी दाखवण्याच्या फेऱ्यांनी काही घरांना आधार दिला आहे, हे ते आनंदाने सांगत होते. पण खाडी म्हणजे केवळ रोहित नव्हे, हे त्यांच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा येत होते. खाडीबद्दलच्या कोणत्याही बैठकीत पहिली खुर्ची या माणसांना द्यायला हवी.

रविवार, महाशिवरात्र

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, प्रवेशद्वारापासून सहाएक किलोमीटरवर असलेल्या कान्हेरीच्या डोंगरावर महाशिवरात्रीला यात्रा भरते. बेस्ट त्या दिवशी स्थानकापासून लेण्यांपर्यंत जादा बस सोडते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल महानगराच्या आत असणे आणि वर्षातल्या एका दिवशी त्या जंगलात हजारो भाविक येणे, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या म्हणून आम्ही हा दिवस उद्यानासाठी ठेवला होता.

दरवाजा उघडताच आत शिरलो. पानगळीने जंगल विरळ झाले होते आणि फुललेल्या काटेसावरी दुरून ओळखू येत होत्या. एकाच सावरीखाली आम्ही जवळजवळ तासभर उभे राहिलो, आणि त्या तासाने उरलेल्या दिवसाइतकीच लांब यादी दिली. भोरड्यांची टोळी वरच्या फांद्यांवर कल्ला करत होती, हळद्या एका फुलावरून दुसऱ्यावर शांतपणे जात होते आणि कोतवाल मधासाठी आलेल्या किड्यांवर झडप घालत होते. पर्णपक्षी, बुलबुल, पोपट, सूर्यपक्षी सगळे तिथेच होते. खारी फुले कुरतडून खाली टाकत होत्या आणि जाड, मांसल, लाल पाकळ्या वेचायला चितळांची एक मादी पाडसासह झाडाखाली आली होती. माघात पाणी आटते, गवत वाळते आणि नेमक्या त्याच वेळी सावर, पळस आणि पांगारा फुलतात. या झाडांचा मध अनेक पक्ष्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर तगवून नेतो.

नऊनंतर रस्त्यावर माणसांची रीघ लागली. उपास धरलेली कुटुंबे, डोक्यावर लहान मूल घेतलेले बाप, अनवाणी चालणाऱ्या आजीबाई, सगळे डोंगराच्या दिशेने निघाले होते. रस्त्याकडेला पाड्यांवरच्या आदिवासी बायका कवठे, बोरे, उकडलेली रताळी आणि बेलाच्या पानांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. आम्ही तिथेच कवठ फोडून गुळाबरोबर खाल्ले. वनविभागाचे कर्मचारी आणि काही स्वयंसेवक पिशव्या तपासून प्लास्टिक बाजूला काढायला लावत होते. लोक थोडे कुरकुरले तरी बहुतेकांनी ऐकले.

हा कचऱ्याचा प्रश्न वरवरच्या स्वच्छतेचा नाही. उद्यानात आणि भोवतालच्या पट्ट्यात पन्नासच्या आसपास बिबटे असल्याचे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या गणनांतून दिसते. जंगलाच्या कडेला उष्टे अन्न आणि कचरा साचला की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्री सहज मिळतात म्हणून बिबट्या वस्तीलगत येतो. २०११ पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिक मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच राष्ट्रीय उद्यान) या उपक्रमातून हेच समजावून सांगत आहेत: कचरा वेळेवर उचला, अंधारात मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर त्याच्याभोवती गर्दी करू नका. इथल्या वारली पाड्यांना हे शहाणपण नवे नाही. ते वाघोबाला देव मानतात आणि त्याच्या हद्दीतून जपून वावरतात. त्या दिवशी यात्रेतली एक बाई आपल्या मुलाला फेकलेली केळ्याची साल उचलायला लावून “इथं वाघोबा राहतो” असे सांगत होती. हे वाक्य मी कुठल्याही फलकापेक्षा मोलाचे मानते.

लेणी दुपारी पाहिली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षे इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेख आहे. गर्दीत कोरीवकाम नीट पाहता आले नाही, तरी कातळात खोदलेले पाण्याचे पाट आणि पोढ्या, म्हणजे पाणी साठवायच्या टाक्या, मात्र मन लावून पाहिल्या. पावसाचे पाणी डोंगरावरून पाटांतून पोढ्यांत उतरते आणि माघातही काही पोढ्यांत ते टिकून असते. एका पोढीच्या काठावर धोबी शेपटी हलवत फिरत होता, त्याची नोंद कान्हेरीच्या यादीत केली.

सोमवार, चतुर्दशी

राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, म्हणून शेवटचा दिवस भायखळ्याच्या राणीच्या बागेला दिला. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे अधिकृत नाव. लोक तिथे पिंजऱ्यातले प्राणी पाहायला जातात, पण एकोणिसाव्या शतकात लावलेल्या या बागेची झाडे हाच मुंबईचा मोठा ठेवा आहे. २००७ च्या सुमारास बागेच्या पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा ही झाडे वाचवण्यासाठी नागरिकांनी समिती स्थापन केली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. प्रचंड बुंध्याची गोरखचिंच, लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लटकवणारी दुर्मीळ उर्वशी आणि बुंध्यावरच फुलणारा कैलासपती आम्ही एकामागून एक पाहिले. कैलासपतीखाली दोघी बायका पडलेली फुले पदरात गोळा करत होत्या. शिवरात्रीचा उपास सोडल्यावर घरच्या पिंडीवर वाहायला नेणार होत्या.

मोजणी इथे मान वर करून करावी लागते. तांबट एकसुरात टुकटुक करत होता आणि राखी धनेशाची जोडी वडाच्या फळांवर आली होती. उंच झाडांवर उलट्या लटकलेल्या वटवाघळांची वसाहत पक्ष्यांच्या यादीत बसत नाही, तरी चौथीतल्या मुलीने ती वेगळ्या पानावर मोजलीच. कावळे आणि घारी मोजायचा तिला कंटाळा आला होता. तेव्हा शिक्षकांनी तिला चिमण्यांचे उदाहरण दिले: घराघरांतल्या चिमण्या कमी झाल्याचे सगळ्यांना जाणवते, पण किती कमी झाल्या हे सांगायला जुने आकडे फारसे नाहीत, कारण चिमणी इतकी नेहमीची होती की ती मोजावी असे कुणालाच वाटले नव्हते. हे ऐकल्यावर तिने बागेच्या दरवाजापासून पुन्हा सुरुवात केली आणि प्रत्येक कावळ्यासाठी वहीत एक रेघ मारली.

दुपारी बाकावर बसून चारही दिवसांच्या याद्या तपासल्या. नेरूळच्या थव्याची छायाचित्रे महाविद्यालयीन मुलींनी रात्री मोठ्या पडद्यावर पाहून पुन्हा मोजली होती आणि आमचा अंदाज खऱ्या संख्येपेक्षा बराच कमी निघाला होता, म्हणून तो आकडा दुरुस्त केला. राणीच्या बागेची यादी सर्वांत शेवटी पाठवली. त्यात कावळ्यांचा आकडा त्या मुलीच्या वहीतला जसाच्या तसा घातला. नंतर भायखळ्याहून दादरला जाऊन मी संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली आणि नाशिक येईपर्यंत पुढच्या रविवारच्या नांदूरच्या मोजणीसाठी आमच्या गटातल्या कुणाला कुठे उभे करायचे याची यादी करत बसले.